पडल्या जागेची साक्ष

वारणाकाठच्या गावांत फौजेतून परतलेल्या माणसांजवळ दोन तऱ्हेच्या गोष्टी असतात. काही पारावर सांगायच्या. त्यांत डोंगर असतो, बर्फ असतो, साहेबाचा स्वभाव असतो आणि शेवटी फत्ते असते. दुसऱ्या गोष्टी घरात सांगायच्या, रात्रीची जेवणं उरकल्यावर, समोर कोण बसलंय ते बघून. त्यांत बहुतेक वेळा कुणीतरी परत आलेलं नसतं. पारावरच्या गोष्टी गावभर होतात, शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत पोचतात. घरातल्या गोष्टी घरातच राहतात आणि सांगणारा गेला की त्याच्याबरोबर जातात. मला लिहायचंय ते या घरातल्या गोष्टींबद्दल.

कोल्हापूर जिल्ह्याला फौजी माणसाचं नवल नाही. शिरोळ तालुक्यातली एक टाकळी तर सैनिक टाकळी म्हणूनच ओळखली जाते. आमच्या बाजूलाही, कोडोली, काखे, सातवे, बहिरेवाडी या पट्ट्यात, पेन्शनवर आलेले जवान जागोजाग भेटतात. त्यांतले बरेचसे बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रातून गेलेले. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ मात्र हवाई दलात गेले. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. १९६४ साली, मिसरूड फुटायच्या वयात, ते मद्रासजवळ तांबरमला इंजिन फिटरचं काम शिकायला गेले. त्याच्या थोडंच आधी वारणेच्या माळावर तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता. त्या कारखान्यात पोरगा फिटर म्हणून चिकटावा, अशी आबांच्या वडिलांची फार इच्छा होती. पोरगा फिटर झाला, पण विमानाच्या इंजिनाचा.

गावातली माणसं कौतुकानं म्हणायची, "ह्यो इमान उडवतो." आबा दर वेळी दुरुस्ती करायचे. "उडवणारा येगळा. त्यो वर जातो. त्याला धडपणी परत खाली आणायचं काम माझं."

त्यांच्या सगळ्या गोष्टी या एका जबाबदारीतून निघतात. म्हणून त्यांत लढाईपेक्षा परतीची वाट जास्त असते.

घरातल्या गोष्टींची सुरुवात १९६५ पासून व्हायची. त्या वेळचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण म्हणजे देवराष्ट्र्याचे, वारणा ओलांडली की लागणाऱ्या सांगली जिल्ह्यातले. आमच्याकडे त्यांच्याविषयी बोलताना आजही आवाजात घरचा माणूस असल्याची ऊब येते. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांबच्या आघाडीवर पाकिस्तानी रणगाडे घुसले. हवाई दलप्रमुख अर्जन सिंग यांनी विमानं वापरायची परवानगी मागितली आणि चव्हाणसाहेबांनी ती काही मिनिटांत दिली. ही पारावरची गोष्ट, आणि ती खरी आहे. पठाणकोटहून त्या संध्याकाळी उडालेली व्हॅम्पायर विमानं दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या आराखड्याची होती आणि समोर अमेरिकी बनावटीची साबर जेट होती. एका संध्याकाळीत चार व्हॅम्पायर पडली. ही घरातली गोष्ट, आणि तीही तितकीच खरी आहे. शिकाऊ आबांनी ती तांबरमला ऐकली. दुसऱ्या दिवशी वर्गात इंजिनाचे भाग सुटे करून मांडले होते, पण कुणाचं त्यात लक्ष नव्हतं, असं ते सांगतात.

१९७१ला आबा जोधपूरच्या तळावर होते. राजस्थानच्या वाळवंटातली ती लढाई बहुतेकांना लोंगेवालामुळे माहीत आहे. ४ डिसेंबरच्या रात्री मेजर कुलदीप सिंग चांदपुरी यांच्या पंजाब रेजिमेंटच्या कंपनीवर रणगाडे चालून आले. सव्वाशेच्या आतबाहेर जवानांनी रात्रभर ठाणं धरलं. जैसलमेरच्या हंटर विमानांना अंधारात हल्ला करता येत नव्हता, म्हणून सगळे उजाडायची वाट बघत राहिले. उजाडलं आणि उघड्या वाळूत सापडलेले रणगाडे हंटरनी एकेक करून टिपले.

त्याच वाळवंटावर मरुत विमानंही उडत होती. मरुत हे भारतात आखलेलं आणि बांधलेलं पहिलं लढाऊ जेट. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये ते तयार झालं आणि १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा आकाशात गेलं. त्याला ऑर्फियस जातीची दोन इंजिनं असत, आणि ऑर्फियस हे आबांच्या हातातलं काम. युद्धाच्या त्या दोन आठवड्यांत जोधपूर आणि उत्तरलाई या तळांवरून मरुतच्या दोन स्क्वाड्रन सिंधच्या वाळवंटात हल्ले करत होत्या. आबा सांगतात, की विमानं गेल्यावर फिटरांना खरं तर तासभर काहीच काम नसायचं. पण बसवत नसे. सगळे पश्चिमेकडे तोंड करून उभे राहायचे. आवाज आला की आधी मोजायचे. आकडा जुळला तरच पाणी प्यायचे.

५ डिसेंबरला फ्लाइट लेफ्टनंट जवाहरलाल भार्गव यांचं मरुत सिंधमधल्या नया छोरजवळ जमिनीवरच्या माऱ्यात सापडलं. ते छत्रीनं उतरले. पाठीला मार बसला होता, चहूकडे वाळू होती आणि मुलूख शत्रूचा होता. तरीही ते पूर्वेच्या रोखानं चालू लागले. वाटेत भेटलेल्या गावकऱ्यांना त्यांनी आपण पाकिस्तानी हवाई दलाचे मन्सूर अली असल्याचं सांगितलं. बराच वेळ ते निभलं. मग कुणीतरी कलमा म्हणून दाखवायला सांगितलं आणि तिथं सगळं उघडं पडलं. पुढचं वर्षभर ते युद्धकैदी होते.

रावळपिंडीच्या ज्या छावणीत त्यांना ठेवलं, तिथंच एक मराठी वैमानिक होता. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर. त्यांचं सुखोई-७ विमान १० डिसेंबरला पडलं होतं. परुळकर, मालविंदर सिंग गरेवाल आणि हरीश सिंहजी या तिघांनी कोठडीची भिंत पोखरली आणि १२ ऑगस्ट १९७२च्या मध्यरात्रीनंतर ते बाहेर पडले. विद्याधर चाटी हे दुसरे मराठी वैमानिक त्या बेतात सामील होते, पण मागे राहिले. तिघं बसनं पेशावरला आणि तिथून खैबर खिंडीतल्या लंडी कोतलपर्यंत पोचले. अफगाणिस्तानची हद्द हाकेच्या अंतरावर राहिली होती. नकाशात पाहिलेल्या लंडी खाना या रेल्वे स्थानकाची त्यांनी चौकशी केली. ते स्थानक चाळीस वर्षांपूर्वीच बंद पडलं होतं. विचारणारे परके आहेत हे ऐकणाऱ्यांनी ओळखलं आणि तिघं पकडले गेले. १ डिसेंबर १९७२ रोजी सगळे युद्धकैदी वैमानिक वाघ्यावरून परत आले. परुळकर पुढे ग्रुप कॅप्टन झाले आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये वारले.

पळून जायची ही गोष्ट ऐकताना पोरं सरसावून बसायची. आबा ती रंगवून सांगायचेही. पण ती संपली की ते नेहमी तिसरं नाव घेत, आणि त्या नावाची गोष्ट पुढं सरकत नसे. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे. त्यांचं सुखोई-७ ५ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानातल्या शोरकोटच्या धावपट्टीवर हल्ला करताना पडलं. त्यांची पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या. लग्न नुकतंच झालेलं. विजय तांबे यांचं नाव युद्धानंतर परत न आलेल्या चोपन्न बेपत्ता सैनिकांच्या यादीत राहिलं. नातेवाईकांचं एक पथक १९८३ साली आणि दुसरं २००७ साली पाकिस्तानातल्या तुरुंगांत जाऊन आलं. नक्की उत्तर कुणाला मिळालं नाही.

आबा म्हणायचे, "त्या जागंवर आपला एक बी माणूस जाऊ शकला न्हाई. गेला असता तर जमिनीनं सांगितलं असतं."

जमीन काय सांगते, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. लढाईनंतरच्या वर्षांत, शांततेच्या काळात, सरावाच्या उड्डाणांत विमानं पडायची आणि आबांची नेमणूक कधीकधी अवशेष गोळा करणाऱ्या तुकडीत व्हायची. त्या दिवसांविषयी ते पारावर कधीच बोलले नाहीत. रस्ता संपला की थ्री-टन गाडी वाळूत रुतायची. मग पत्रे टाकत, ढकलत, शेवटी उंटावर सामान लादून पुढं जायचं. कुठल्यातरी ढाणीतली, म्हणजे वाळवंटातल्या वाडीतली, माणसं आधीच तिथं उभी असायची. कुणी हात लावू नये म्हणून त्यांनी भोवती काटेरी फांद्या टाकून ठेवलेल्या असायच्या. सांगायला कुणी आलेलं नसायचं, तरी त्यांनी ते केलेलं असायचं. आलेल्यांना ते मडक्यातलं पाणी द्यायचे, जिथं प्यायचं पाणी कोसावरून डोक्यावर यायचं तिथं.

तुकडीचं पहिलं काम उचलण्याचं नसे, बघण्याचं असे. आधी विमानाचे चार कोपरे शोधायचे: नाक, शेपूट आणि पंखांची दोन टोकं. चारही एकाच जागी सापडली तर विमान जमिनीपर्यंत अखंड आलं. एखादं टोक दोन कोस मागं सापडलं तर मोडतोड हवेतच सुरू झाली होती. मग खड्डा बघायचा. खोल आणि अरुंद असेल तर विमान नाकावर, सरळ खाली आलं. लांब चरा उमटला असेल तर ते उथळ कोनात आलं, म्हणजे वैमानिक शेवटपर्यंत नाक वर धरायला झटत असावा. कॉकपिटवरची काच आणि खुर्ची कुठं पडली, त्यावरून उडी मारायचा प्रयत्न झाला का आणि किती उंचीवर झाला, ते कळतं.

त्यानंतर इंजिन. हा आबांचा प्रांत. इंजिनाच्या आत चकत्यांवर पात्यांच्या रांगा असतात. इंजिन जोरात फिरत असताना विमान आदळलं, तर फिरण्याच्या उलट्या दिशेला सगळी पाती वादळात लोळलेल्या जोंधळ्यागत एका अंगाला वाकतात. इंजिन आधीच बंद पडलं असेल, तर जिथं मार बसला तेवढीच पाती चेपतात, बाकीची तशीच उभी असतात. तोंडाशी पिसाचा तुकडा, रक्ताचा डाग सापडला तर पक्षी आत गेला होता. तेलात धातूचा कीस निघाला तर बेअरिंग आधीच खलास झालं होतं.

धोक्याचे छोटे दिवेसुद्धा बोलतात. दिवा पेटलेला असताना धक्का बसला तर आतली तापलेली तार ताणली जाऊन लांब होते. विझलेल्या दिव्याची गार तार तुकडा पडून तुटते. म्हणजे शेवटच्या क्षणी वैमानिकासमोर कोणता लाल दिवा पेटला होता, ते नखाएवढ्या काचेतून समजतं. डायलवरचा काटा आदळताना मागच्या तबकडीवर बारीक खूण उमटवतो. वेग किती होता, उंची किती होती, ते त्या खुणेत अडकून राहतं.

"मेलेल्या माणसाला बोलता येत न्हाई," आबा म्हणायचे, "म्हणून लोखंडाला त्याच्या वतीनं बोलू द्यायचं. मधी आपलं डोकं घालायचं न्हाई."

काही वर्षांपूर्वी आबांना घेऊन आम्ही घरची काही मंडळी राजस्थानला गेलो. जैसलमेरजवळचं युद्धसंग्रहालय पाहिलं, तिथं ठेवलेलं हंटर पाहिलं. लोंगेवाल्याला पकडलेले रणगाडे पाहिले. लोक मुलाबाळांना रणगाड्यांपुढं उभं करून फोटो काढत होते आणि आबा प्रत्येकाला आनंदानं जागा करून देत होते. मग त्यांनी गाडीवाल्याला विचारलं, की आसपास कुठं विमान पडलेली जागा आहे का. गाडीवाल्यानं बरेच फोन केले. दुसऱ्या दिवशी तो आम्हाला बाडमेरकडच्या एका ढाणीपाशी घेऊन गेला.

पाहायला तिथं काहीच नव्हतं, असं मी आधी म्हणालो असतो. खेजडीची, म्हणजे आपल्या शमीची, विरळ झाडं, रुईची झुडपं, शेळ्यांच्या पायवाटा आणि वाळू. स्मारक नाही, फलक नाही. आबांनी काठी टेकली आणि जमीन वाचायला सुरुवात केली. एका पसरट खोलगट जागेत रुई इतर ठिकाणापेक्षा दाट वाढली होती. ते म्हणाले, इथं खणलं गेलंय, पाणी इथं मुरतं. वाऱ्यानं सरकलेल्या वाळूखाली बोटभर लांबीची पत्र्याची पट्टी निघाली. कडेला रिवेटांची ओळ होती. पन्नास अंशांच्या उन्हात आणि थंडीच्या रात्रींत इतकी वर्षं पडूनही ती गंजली नव्हती, कारण हवा कोरडी आणि धातू ॲल्युमिनियमचा. आपल्याकडच्या पावसात आणि शेतीच्या नांगरात असं काही राहिलं नसतं. वाळवंट झाकतं, पण जपतं.

तेवढ्यात शेळ्या घेऊन एक म्हातारबाबा आले. आबांच्याच वयाचे असावेत. गाडीवाल्यानं मधे भाषेची मदत केली, पण लवकरच तिची गरज उरली नाही, आबांची फौजी हिंदी आणि त्यांची मारवाडी एकमेकांना सापडली. विमान कुठं पडलं, किती मोठी आग लागली, हे बाबांनी आपणहून सांगितलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते तेवढंच सांगत आले असणार. आबांनी ते ऐकून घेतलं आणि मग प्रश्न विचारायला सुरुवात केली. आधी आवाज ऐकला की आधी विमान दिसलं? कुठल्या अंगानं आलं, तुमच्या डाव्या हाताकडून की उजव्या? धूर वर असतानाच होता की पडल्यावर निघाला? आवाज शेवटपर्यंत होता?

या शेवटच्या प्रश्नावर बाबा थांबले. त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, की नाही, आवाज थांबला होता. विमान ढाणीच्या बाजूनं येत होतं, बिनआवाजाचं, मग वळलं आणि इकडं मोकळ्यात आलं. घरात बाईमाणसं होती, पोरं होती. आवाज नव्हता म्हणून कुणी बाहेरही आलं नव्हतं.

आबा त्यांच्याशेजारी वाळूत बसले. इंजिन बंद पडलेलं विमान वळवणं म्हणजे काय असतं, ते त्यांना ठाऊक होतं. वळताना उंची जाते, आणि तेवढी उंची गेली की उडी मारायची वेळही निघून जाते. वैमानिकानं ती उंची कशासाठी खर्च केली, ते त्या म्हाताऱ्याच्या आठवणीत इतकी वर्षं शाबूत होतं. ते कुणी विचारून बाहेर काढायचं तेवढं राहिलं होतं. त्या अपघाताच्या कागदांत काय लिहिलंय, ते मी पाहिलेलं नाही आणि त्याबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. पण एका फिटरनं एका मेंढपाळाला योग्य प्रश्न विचारला की काय मिळतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. परतताना आबांनी पट्टी होती तिथंच ठेवली. ती तिथली साक्ष आहे, म्हणाले.

त्या प्रवासात माझ्या मनात सारखं एक मराठी घर येत होतं. पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ. १७ सप्टेंबर २००१च्या रात्री, याच थरच्या वाळवंटाच्या उत्तर टोकाला असलेल्या सुरतगड तळावरून त्यांचं मिग-२१ उडालं आणि काही क्षणांत कोसळलं. दोष वैमानिकाकडे जाऊ लागला. आईवडिलांना ते मान्य झालं नाही. वडील अनिल गाडगीळ स्वतः हवाई दलात वैमानिक होते, त्यामुळे विमान आणि उड्डाण दोन्ही त्यांना आतून माहीत होतं. आई कविता गाडगीळ यांनी उघडपणे, चिकाटीनं प्रश्न विचारायला सुरुवात केली. एकाच निष्कर्षावर थांबू नका, विमानालाही विचारा, प्रशिक्षणालाही विचारा, हा त्यांचा आग्रह होता. त्यांनी दुःखाला कामाचं रूप दिलं आणि मुलाच्या नावानं पुण्यात जीत एरोस्पेस इन्स्टिट्यूट उभी केली. पाच वर्षांनी आलेल्या 'रंग दे बसंती' या चित्रपटात मिगच्या अपघातात मुलगा गमावलेली आई प्रश्न विचारते, तेव्हा महाराष्ट्रातल्या पुष्कळ प्रेक्षकांना ती आई ओळखीची वाटली.

त्या प्रश्नांमागे केवढा मोठा हिशेब होता, हे आकड्यांवरून कळतं. मिग-२१ १९६३ साली हवाई दलात आलं. ते आपलं पहिलं स्वनातीत लढाऊ विमान. पुढे नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात सहाशेहून अधिक मिग-२१ बांधली गेली, म्हणजे या विमानाला महाराष्ट्राचे हात लागलेले आहेत. १९७१च्या विजयात त्याचा वाटा मोठा आहे. पण ते उतरतानाही ताशी तीनशे किलोमीटरहून जास्त वेगात असे आणि शिकाऊ हाताला सवड देत नसे. २०१२ साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत सांगितलं, की आधीच्या चार दशकांत ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली, आणि त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्युमुखी पडले. कारणं म्हणून मानवी चूक आणि तांत्रिक बिघाड, दोन्ही नोंदवलेली होती.

मानवी चूक म्हणताना त्या माणसाला काय देऊन वर पाठवलं होतं, तेही विचारावं लागतं. साध्या, सावकाश चालणाऱ्या प्रशिक्षण विमानावरून तरुण वैमानिक थेट मिग-२१वर जात होते. मधली पायरी हवी, प्रगत प्रशिक्षण जेट हवं, असं एअर मार्शल ला फाँटेन यांच्या समितीनं १९८२ सालीच सांगितलं होतं. ते विमान, ब्रिटिश हॉक, हवाई दलात दाखल झालं २००८ साली. मधली सव्वीस वर्षं त्या नसलेल्या पायरीवरून किती पाय घसरले असतील, याचा विचार मला सुन्न करतो. पायरी नसल्याची नोंद वाळवंटातल्या कुठल्याच खड्ड्यात सापडत नाही. ती शोधायला दिल्लीतल्या फायलींपर्यंत जावं लागतं. कविता गाडगीळ यांच्यासारख्या आया ती शोधत तिथवर गेल्या, हे त्यांचं देशावरचं ऋण आहे.

२८ जुलै २०२२च्या रात्री बाडमेर जिल्ह्यातल्या भीमडा गावाजवळ दोन आसनी मिग-२१ पडलं. विंग कमांडर मोहित राणा आणि फ्लाइट लेफ्टनंट अद्वितीय बल, दोघंही गेले. बातमी लागली तेव्हा आबा वारणानगरला आमच्याकडे होते. गावकरी टीव्हीवर सांगत होते, की वैमानिकांनी विमान वस्तीपासून दूर नेलं. आबा पुढं सरकून प्रत्येक साक्षीदाराचं बोलणं ऐकत होते. निवेदक मधे बोलला की ते चिडायचे. "बोलू दे की त्याला. त्यानं बघितलंय."

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ला अखेरचा निरोप दिला गेला. बासष्ट वर्षांची सेवा संपली. सोहळा पाहताना आबांनी विमानाचं मनापासून कौतुक केलं, कारण ज्या यंत्राची त्यांनी सेवा केली त्याच्याबद्दल त्यांच्या मनात कडवटपणा नाही. मग त्यांनी वही मागितली. त्यांना आठवेल ते आता आम्ही उतरवून घेतो. नियम त्यांनीच घालून दिलेत. जे पाहिलं ते वेगळं लिहायचं, जे ऐकलं ते वेगळं, आणि अंदाज असेल तर अंदाज म्हणून लिहायचं. साल नक्की नसेल तर साल लिहायचं नाही. कुणाला दोष लागेल असं वाक्य आलं की ते स्वतः थांबतात आणि विचारतात, "हे मी बघितलंय का?" इतिहास लिहिणाऱ्या मोठ्या माणसांकडूनही मी याहून कडक कसोटी ऐकलेली नाही.

अशी माणसं एकट्या आमच्या घरात नाहीत. कोल्हापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांतून हवाई दलात गेलेले फिटर, इलेक्ट्रिशियन, शस्त्रं भरणारे, ड्रायव्हर आज सत्तरी-ऐंशीत आहेत. विमान परत न आल्याची रात्र त्यांनी धावपट्टीच्या कडेला उभं राहून काढली आहे. त्यांच्या छातीवर पदकं नाहीत, म्हणून त्यांना कुणी भाषणाला बोलावत नाही. वैमानिकांची चरित्रं लिहिली जातात आणि ती लिहिली जायलाच हवीत. पण विमान का पडलं, हे पुष्कळदा या माणसांच्या हातांना माहीत असतं. साखर कारखान्याचा, दूध संघाचा इतिहास आपण स्मरणिकांमध्ये जपून ठेवतो. गावातल्या पेन्शनर एअरमनच्या आठवणींना त्याच स्मरणिकेत चार पानं द्यायला काही अडचण नाही. शाळांनी पोरांना त्यांच्याकडे पाठवावं, पण "लढाई कशी होती" हे विचारायला नको. "त्या दिवशी तुम्ही कुठं उभे होता आणि तिथून काय दिसलं" हे विचारायला पाठवावं. उत्तर त्या प्रश्नाला मिळतं.

तांबे यांच्या घराला अर्ध्या शतकात उत्तर मिळालं नाही, कारण विमान पडलेल्या जागेपर्यंत विचारणारा पोचू शकला नाही. गाडगीळांच्या घराला झगडावं लागलं, कारण निष्कर्ष लवकर आला आणि प्रश्न उशिरा. ढाणीतल्या बाबांना मात्र उत्तर माहीत होतं आणि ते द्यायला ते तयारच होते. आकाशात गेलेल्या माणसाला खाली सुखरूप आणणं दर वेळी आपल्या हातात नसतं. तो कसा गेला ते खरंखुरं शोधणं, आणि ते सापडेपर्यंत त्याच्या नावापुढं चूक हा शब्द न लिहिणं, हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. एवढं त्या वैमानिकांचं आपण देणं लागतो, आणि साक्षीदार हयात आहेत तोवर ते फेडता येईल.